नेट बंद केल्यावर उरतं ते पान

‘जतन’ या विषयावर लिहायचं म्हटलं की पोथ्या, ताम्रपट, जुन्या ध्वनिमुद्रिका डोळ्यांपुढे येतात. इथे पाहायची वस्तू त्यांच्या मानाने अगदी कालची आहे: इंटरनेटवरचं एक पान, त्यातल्या चित्रांसकट. कालची असूनही ती पोथीपेक्षा कितीतरी लवकर नाहीशी होते, आणि जाताना बहुधा एकदम जात नाही. आधी चित्रं जातात. मजकूर जागेवर असतो, ‘खालच्या चित्रात बाणाने दाखवलेला स्क्रू आधी सैल करा’ हे वाक्यही असतं. त्याखाली रिकामी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राचं बारीकसं चिन्ह. वाक्य अजून खरं आहे, पण कुणाच्या उपयोगाचं राहिलेलं नाही.

२०१७ साली हे जगभर एका दमात घडलं. फोटोबकेट ही फोटो फुकट ठेवू देणारी अमेरिकी सेवा. लोक फोटो तिथे चढवत, लेख दुसरीकडे लिहीत आणि लेखात त्या फोटोंचे फक्त पत्ते देत. त्या वर्षी कंपनीने नियम बदलला: दुसऱ्या साइटवर फोटो दिसायला हवा असेल तर वर्षाला ३९९.९९ डॉलरची योजना घ्या. ज्यांनी घेतली नाही त्यांच्या फोटोंच्या जागी एक सूचनेचं चित्र झळकू लागलं. मोटारदुरुस्तीच्या सचित्र मार्गदर्शकांपासून विक्रीच्या जाहिरातींपर्यंत, वर्षानुवर्षं साठत गेलेली पानं पाहता पाहता पोकळ झाली. पुढे २०१९मध्ये टायनीपिक ही सेवा बंद झाली. २०२३मध्ये इमगरने, खातं न उघडता चढवलेली आणि वापरात नसलेली जुनी चित्रं काढून टाकण्याचं धोरण आणलं. ज्यांची पानं अशी मोडली त्या लेखकांनी स्वतःचं एक अक्षरही पुसलेलं नव्हतं.

माझं म्हणणं असं आहे की पान वाचवायचं तर चित्रांसकट, मूळ जिवंत असताना आणि वाचणाऱ्याने स्वतः वाचवावं. ते खरोखर वाचलं का, याची परीक्षा नेट बंद करून घ्यावी. त्यासाठी लागणारी साधनं, म्हणजे छोट्या स्क्रिप्ट, फुकट मिळतात आणि त्यांतली काही तर पंचवीस-तीस वर्षं वापरून पारखलेली आहेत. आपण अडतो ते पान म्हणजे काय, या समजुतीपाशी.

पान म्हणजे पत्त्यांची यादी

छापील अंकात चित्र आणि मजकूर एकाच कागदावर उमटतात. अंक जुना होतो, बांधणी सुटते, कडा झिजतात, पण चित्र मजकुराला सोडून जात नाही. वेबपानाची घडण मुळातच निराळी आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत मांडलेल्या प्रस्तावातून जे वेब उभं राहिलं, ते सुरुवातीला मुख्यतः मजकुराचं होतं. १९९३च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन या तरुण प्रोग्रॅमरने मजकुराच्या ओघातच चित्र बसवण्यासाठी ‘आयएमजी’ नावाचा टॅग सुचवला आणि त्याच वर्षी आलेल्या मोझेक ब्राउझरमुळे तो रूढ झाला. या टॅगमध्ये चित्र नसतं, चित्र कुठे मिळेल तो पत्ता असतो. ब्राउझर मजकूर वाचत जातो, पत्ता दिसला की त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडे वेगळी मागणी पाठवतो आणि आलेलं चित्र नेमल्या जागी बसवतो. ही सोय मोठी होती. एकच चित्र हजार पानांना वापरता येऊ लागलं, मजकूर आधी दिसून चित्र मागाहून उतरू लागलं. त्याच सोयीने चित्राचं आयुष्य पानाच्या आयुष्यापासून तोडलं.

वर्तमानपत्राच्या साइटवरचं कुठलंही पान घ्या आणि माउसचं उजवं बटण दाबून त्याचा ‘पेज सोर्स’ उघडा. बातमीचा मजकूर त्यात शोधावा लागतो, पत्ते मात्र ओळीओळीला सापडतात: चित्रांचे, फॉन्टच्या फायलींचे, मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फायलींचे, हालचाल घडवणाऱ्या जावास्क्रिप्टचे. एका पानासाठी साठ-सत्तर फायली लागणं आता नेहमीचं झालं आहे, आणि त्या सगळ्या एकाच सर्व्हरवर असतात असंही नाही. बातमी एका यंत्रावर, फोटो भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, फॉन्ट गूगलकडे, चित्रफीत यूट्यूबवर. ज्याला आपण ‘पान’ म्हणतो ती वस्तू अशी एकत्र कुठेच ठेवलेली नसते. वाचकाच्या पडद्यावर, त्या वेळेपुरती, ती जुळून येते. मग तिची अखंड प्रत निघायची तर ती वाचकाच्या बाजूलाच निघू शकते. पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

जतन झाल्याचा भास

ब्राउझरमधल्या ‘सेव्ह ॲज’चा अनुभव बहुतेकांना असेल. पान सेव्ह केलं की एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि तिच्याशेजारी त्याच नावाचा एक फोल्डर. चित्रं त्या फोल्डरमध्ये असतात. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, फोल्डर मागे राहिला, की दुसऱ्या संगणकावर पान चित्रांशिवाय उघडतं. ही चूक निदान लगेच कळते. खरा धोका आहे तो न कळणाऱ्या चुकीचा.

डब्ल्यूगेट हे या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं आणि विश्वासाचं साधन. क्रोएशियाच्या ह्रवोये निक्शिच यांनी ते १९९६मध्ये प्रसिद्ध केलं आणि पुढे ते ग्नू प्रकल्पाचा भाग झालं. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, पत्ता द्यायचा आणि एंटर दाबायचं. ‘पेज-रिक्विझिट्स’ हा पर्याय दिला की ते पानासोबत पान दिसायला लागणाऱ्या फायलीही आणतं. ‘कन्व्हर्ट-लिंक्स’ दिला की पानातले पत्ते बदलून उतरवलेल्या फायलींकडे वळवतं. एवढं केलं की काम झालं असं वाटतं. पान उघडून पाहावं तर सगळी चित्रं जागच्या जागी दिसतात.

पण सांगितल्याशिवाय डब्ल्यूगेट परक्या सर्व्हरवर जात नाही. फोटो दुसऱ्या नावाच्या सर्व्हरवर असतील तर ते उतरतच नाहीत. आणि ‘कन्व्हर्ट-लिंक्स’चा नियम असा की जी फाइल उतरली नाही, तिचा पत्ता पूर्ण इंटरनेट पत्ता म्हणून लिहून ठेवायचा. म्हणजे आपल्या संगणकावरची ती ‘जतन केलेली’ प्रत उघडली की ब्राउझर गुपचूप नेटवर जातो, मूळ सर्व्हरवरून फोटो आणतो आणि दाखवतो. मूळ जिवंत आहे तोवर प्रत बिनचूक दिसते. मूळ गेलं की त्याच दिवशी प्रतीतली चित्रंही जातात, आणि प्रत हवी असते ती नेमकी त्याच दिवसासाठी. यावर तोड आहे: ‘स्पॅन-होस्ट्स’ हा पर्याय परक्या सर्व्हरवर जाण्याची मुभा देतो. मात्र लिंकमागून लिंक पकडत जाण्याच्या आज्ञेबरोबर तो मोकळा सोडला तर साधन साऱ्या इंटरनेटवर भटकायला निघतं, म्हणून कुठल्या सर्व्हरवर जायचं त्यांची नावं बांधून द्यावी लागतात. तरीही काम पूर्ण झालं का, हे पडद्याकडे पाहून कळत नाही. नेट तोडल्यावरच कळतं.

स्क्रिप्टच्या पोटात

तयार साधन पुरत नाही तिथे लोक स्वतः स्क्रिप्ट लिहितात. पायथनसारख्या भाषेत ती वीस-तीस ओळींत बसते. पान उतरवायचं, त्यातले सगळे आयएमजी टॅग गोळा करायचे, प्रत्येकातला पत्ता वाचायचा, अर्धवट पत्ता असेल तर पानाच्या पत्त्याला जोडून पूर्ण करायचा, चित्र उतरवायचं, त्याला नाव द्यायचं, टॅगमधला जुना पत्ता काढून तिथे नवं नाव लिहायचं आणि शेवटी पान ठेवून द्यायचं. अडतं ते बारीकसारीक जागी. दहा फोल्डरांतल्या दहा चित्रांचं नाव ‘१.जेपीजी’च असतं आणि एक उतरताना आधीचं पुसलं जातं. सर्व्हरने चित्र नाकारलेलं असतं, पण ‘नाही’ म्हणण्याऐवजी माफीचं एक पान पाठवलेलं असतं, आणि स्क्रिप्ट ते पानच चित्राच्या नावाने ठेवून देते. काही सर्व्हर विचारतात, ‘तुम्ही कुठल्या पानावरून आलात?’ उत्तर पटलं नाही तर चित्र देत नाहीत. चांगली स्क्रिप्ट उतरवलेली प्रत्येक फाइल खरोखर चित्र आहे का हे तपासते आणि जे हाती लागलं नाही त्याची नोंद वेगळी लिहिते. ही नोंद मला चित्रांइतकीच मोलाची वाटते. काय हरवलं हे ठाऊक असलेली प्रत प्रामाणिक असते.

आजच्या पानांनी आणखी एक गुंता केला आहे. डेटा वाचावा म्हणून बऱ्याच साइट चित्राचा खरा पत्ता नेहमीच्या जागी ठेवतच नाहीत. तिथे एक धूसर ठिपका असतो, खरा पत्ता ‘डेटा-एसआरसी’ अशा आडनावाखाली लपलेला असतो, आणि वाचक खाली सरकत तिथवर पोचला की जावास्क्रिप्ट दोघांची अदलाबदल करते. डब्ल्यूगेट जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे त्याच्या हाती तो धूसर ठिपकाच येतो. इथे मग खरा ब्राउझरच स्क्रिप्टच्या ताब्यात द्यावा लागतो. पपेटियर किंवा प्लेराइटसारखी साधनं पडद्याविना क्रोम चालवतात, पान हळूहळू तळापर्यंत सरकवतात, सगळी चित्रं उतरेपर्यंत थांबतात आणि मग जुळून आलेलं पान उचलतात. ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी सिंगलफाइल हे ब्राउझरला जोडता येणारं साधन हेच काम एका टिचकीत करतं. चित्रांचं रूपांतर अक्षरांत करून ते एचटीएमएलच्या आतच भरतं, त्यामुळे सोबतचा फोल्डर उरत नाही. तीन बाइटच्या जागी चार अक्षरं येत असल्याने चित्रं एक तृतीयांशाने फुगतात, तेवढी किंमत द्यावी लागते. घरच्या वापरासाठी ती मला रास्त वाटते. ग्रंथालयांची पद्धत वेगळी: ती वॉर्क नावाच्या फाइलरूपात सर्व्हरशी झालेला सगळा संवाद वेळेसकट नोंदवतात. २००९पासून त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे.

स्क्रीनशॉट काढला की झालं, असंही कुणी म्हणेल. स्क्रीनशॉट दिसतो पानासारखा, पण त्यातला शब्द शोधता येत नाही, लिंक दाबता येत नाही, नकाशा मोठा करून पाहता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचं वाचन-सॉफ्टवेअर त्यापुढे मुकं होतं.

मराठी पानाची जास्तीची अडचण

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण ती सर्वसामान्य संगणकावर रुळायला बराच काळ गेला. त्या मधल्या वर्षांत मराठी साइटवरचा मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांत साठवलेला असे आणि त्याला देवनागरीचं रूप देई तो साइटचा खास फॉन्ट. तो फॉन्ट सोबत उतरवला नाही तर मराठी लेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता उरतो. मायक्रोसॉफ्टच्या ज्या फाइलरूपात असे फॉन्ट इंटरनेट एक्स्प्लोरर ४च्या काळापासून वाटले जात, त्यात फॉन्ट एका ठरावीक साइटच्या पत्त्याशी बांधून टाकण्याची सोय होती. बांधलेला फॉन्ट उतरवून घरी आणला तरी घरच्या संगणकावर तो कामाला नकार देई. अनेक ठिकाणी मग मथळे सरळ चित्र म्हणूनच चढवले जात. अशा पानावरची चित्रं गेली म्हणजे सजावट गेली असं नव्हे, लेखाचं शीर्षकच गेलं. चित्रांसकट जतन करण्याचा आग्रह मराठी वाचकाने इतरांपेक्षा जास्त धरावा, तो या कारणाने.

युनिकोड आल्यावर मजकुराचा प्रश्न सुटला, फाइलनावांचा उरला. ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ५ चिन्हांचा. प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे १५. वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिली जाते, म्हणजे झाली ४५ अक्षरं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, त्यामुळे टक्क्यांच्या रूपातलं नाव २८ देवनागरी चिन्हांतच संपतं. काना-मात्रा धरून मोजलं तर एक साधा मथळाही त्यात मावत नाही. डब्ल्यूगेटची मूळ सवय याहून विचित्र आहे. १२८ ते १५९ या क्रमांकांच्या बाइट ते धोक्याच्या समजून बदलतं. युनिकोडच्या मांडणीत ‘क’पासून ‘ट’पर्यंतच्या अक्षरांची शेवटची बाइट नेमकी या पट्ट्यात येते आणि ‘ठ’पासून पुढची व्यंजनं सुटतात. परिणामी एकाच नावातलं ‘म’ शाबूत राहतं आणि ‘क’ मोडतं. ‘रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स’ या पर्यायाला ‘नोकंट्रोल’ ही किंमत दिली की नावं सरळ उतरतात. मराठी पानं उतरवणाऱ्याला हा पर्याय ठाऊक हवा.

‘हे काम तर कुणीतरी करतंच आहे’

सगळ्यात वजनदार आक्षेप हा. ब्रूस्टर केल यांनी १९९६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं, २००१मध्ये त्याचं वेबॅक मशीन सर्वांना खुलं झालं आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्याने एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. मग घरोघरी स्क्रिप्ट कशाला? त्या संस्थेबद्दल मला मनापासून आदर आहे. हरवलेल्या पानाचा मागोवा घेताना जगातला प्रत्येक अभ्यासक आधी तिचंच दार ठोठावतो. पण एवढ्या पसाऱ्यात चित्र आणि मजकूर एकाच वेळी उतरतील याची हमी तिथे देता येत नाही. अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या संशोधकांनी असं एक साठवलेलं हवामानाचं पान दाखवून दिलं, ज्यात शब्दांत एका दिवसाचं हवामान होतं आणि रडारचं चित्र कित्येक महिन्यांनंतरचं. दोन्ही खरी, पण ती दोन्ही एकत्र दाखवणारं पान कधीच अस्तित्वात नव्हतं. शिवाय ऑक्टोबर २०२४मध्ये सायबरहल्ल्यामुळे ही संस्थाच काही दिवस बंद राहिली. जगाची आठवण एका दारामागे ठेवली तर काय होतं, हे तेव्हा सर्वांना दिसलं.

प्यू रिसर्च सेंटरने २०२४मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार २०१३मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ज्या वेळी मोठ्या प्रमाणावर वाचवावं लागलं त्या वेळी धावून आले ते स्वयंसेवक. याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी लोकांची घरगुती पानं ठेवणारी जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा जेसन स्कॉट यांच्या ‘आर्काइव्ह टीम’ने डब्ल्यूगेटसारख्या साधनांनी ती घरगुती पानं शक्य तितकी उतरवली आणि पुढच्या वर्षी सगळा साठा लोकांसाठी खुला केला. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर काही दिवसांतच ‘सूचो’ हा गट उभा राहिला. त्याच्या १,३०० हून अधिक स्वयंसेवकांनी संग्रहालयं, ग्रंथालयं आणि अभिलेखागारांच्या ५,००० हून अधिक साइट मिळून ५० टेराबाइट सामग्री वाचवली. खारकीवच्या अभिलेखागाराची १०० गिगाबाइटहून अधिक सामग्री उतरवून झाल्यावर थोड्याच काळात ती साइट बंद पडली. या लोकांतले बरेच ग्रंथपाल, अध्यापक, विद्यार्थी होते. त्यांच्या हाती होत्या त्या स्क्रिप्टच, आणि त्या चालवायला ते वेळेत बसले.

आपल्याकडे तर कायद्याचंही पाठबळ अपुरं आहे. १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६च्या दुरुस्तीने त्यात वृत्तपत्रं आली. वेबपानाचा शब्द त्यात नाही. डेन्मार्कने २००५मध्ये आणि ब्रिटनने २०१३मध्ये वेबपानं त्या कक्षेत घेतली. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’चा १९०९चा दिवाळी अंक आज अभ्यासता येतो, कारण त्याच्या प्रती घराघरांत आणि ग्रंथालयांत पसरल्या होत्या. केवळ ऑनलाइन निघालेल्या दिवाळी अंकाची प्रत एकाच सर्व्हरवर असते आणि त्या सर्व्हरचं भाडं भरणारा माणूस थकला की अंक संपतो.

परवानगी, भार आणि खासगीपण

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दुसऱ्याच्या पानाची प्रत करणं ही चोरी नव्हे का? भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतं. त्याच वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली सामग्री उतरवण्याला हरकत घेतं. आपण वाचलेलं पान आपल्यासाठी ठेवणं आणि अख्खी साइट ओढून स्वतःच्या नावाने पुन्हा चढवणं यांत अंतर आहे, आणि ते पाळलंच पाहिजे. पैसे देऊन वाचायच्या मजकुराची भिंत स्क्रिप्टने ओलांडणं हे जतनाच्या नावाखालीही समर्थनीय नाही.

तिसरा आक्षेप सर्व्हरवरच्या भाराचा. स्क्रिप्ट एका सेकंदात शंभर मागण्या पाठवू शकते आणि एखाद्या छोट्या मराठी साइटचा स्वस्तातला सर्व्हर तेवढ्याने कोलमडू शकतो. एआयच्या कंपन्यांची यंत्रं सध्या साइटवर ज्या तऱ्हेने तुटून पडतात, त्यामुळे साइटचालक आधीच त्रासलेले आहेत. म्हणून ‘वेट’ हा पर्याय देऊन दोन मागण्यांमध्ये काही सेकंद थांबावं, साइटच्या ‘रोबोट्स’ फाइलमधली विनंती वाचावी, आणि ‘फार मागण्या होत आहेत’ असं सर्व्हरने कळवलं की निमूट थांबावं. १९९४पासून चालत आलेला हा शिष्टाचार आहे. घाई नसलेल्या कामात तो पाळणं मुळीच जड नाही.

चौथा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. एखाद्याने स्वतः लिहिलेलं पुसलं, तर ते आपल्या प्रतीत जिवंत ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? युरोपच्या कायद्याने पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे. आपला २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. कायदा सूट देतो म्हणून सभ्यता सुटत नाही. व्यक्तीच्या खासगी आयुष्याची पानं जतनाच्या यादीत नसावीत, हे मी या आक्षेपापुढे पूर्णपणे मान्य करतो. पाककृती, स्थानिक इतिहास, किल्ल्यांची छायाचित्रं, बोलींच्या नोंदी, कारागिरीची माहिती, दिवाळी अंकातली कथा ही पानं जगाने वाचावीत म्हणूनच लिहिली गेली. ती वाचवण्यात लेखकाचा मान आहे.

निवड केली की हे काम आवाक्यात येतं. चित्रांसकट एक पान सहसा काही मेगाबाइटचं. एकाला ५ मेगाबाइट धरले तरी १,००० पानं ५ गिगाबाइटमध्ये बसतात, म्हणजे खिशातल्या पेनड्राइव्हचा एक कोपरा. प्रत दोन ठिकाणी ठेवावी, पानाचा मूळ पत्ता आणि उतरवल्याची तारीख सोबत लिहावी.

या दिवाळीत आपल्या उपयोगाचं एखादं पान असं उतरवून पाहा. उतरवल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करा, वाय-फाय तोडा, मोबाइलचा हॉटस्पॉटही बंद ठेवा आणि मग ती फाइल उघडून तळापर्यंत सरकवत न्या. एक जरी चौकट रिकामी दिसली तरी पुन्हा नेट जोडा आणि ते चित्र आजच आणून ठेवा. मूळ पान अजून जागेवर आहे.